मोपाहून बंगळुरू: सीटचे पैसे आधी भरायचे का, आणि आंब्याची पेटी कुठे बसवायची?

पिंगुळीची_सून (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी,

मेच्या पहिल्या आठवड्यात माझे सासू-सासरे आणि सहा वर्षांचा मुलगा असे तिघे गोव्यातल्या मोपाहून बंगळुरूला नणंदेकडे जाणार आहेत. आम्ही दोघं सुट्टी मिळेल तसे मागाहून रेल्वेने जाऊ. येताना सगळे एकत्र विमानाने. सासऱ्यांनी पंच्याहत्तरी ओलांडली आहे, गुडघ्यांचा त्रास आहे. सासूबाई पहिल्यांदाच विमानात बसणार, त्यामुळे तयारी आत्तापासून सुरू आहे. तयारी म्हणजे काय ते इथल्या लोकांना सांगायला नको, ओसरीवर रोज एक पिशवी वाढते आहे.

तिकीट काढायला बसले तर पैसे भरायच्या आधीच सीटचा नकाशा उघडला. पुढच्या रांगांना एक दर, खिडकीला वेगळा, आणि मधल्या सीटलासुद्धा दर! तिघांचे धरले तर चांगलीच रक्कम होते. नवरा म्हणतो सोडून दे, विमानतळावर देतातच. पण पोरगा एकीकडे आणि आजी-आजोबा भलतीकडे असं झालं तर?

दुसरं सामान. आपल्या कलमांच्या हापूसची पाच डझनांची पेटी जाणारच, असा सासऱ्यांचा हट्ट आहे. शिवाय कोकमाचं आगळ, मालवणी मसाला, कुळथाचं पीठ, चार नारळ, खोबऱ्याच्या वाट्या. तिकिटावर माणशी १५ किलो लिहिलंय. हे बसवायचं कसं? "गूगल कर" म्हणू नका. तिथे सगळे परदेशातले सल्ले आहेत, आंब्याच्या पेटीबद्दल कोणी लिहीत नाही.

तिकीटबाबू_कणकवली

ताई, माझा धंदाच हा, म्हणून जरा लांबवतो.

तिघांचं तिकीट एकाच पीएनआरवर काढा. बाकी काही विसरलात तरी चालेल, हे विसरू नका. घरातल्या दोन मोबाइलवरून दोघांनी अर्धी अर्धी तिकिटं काढली, की कंपनीच्या लेखी ती अनोळखी माणसं. एप्रिल २०२४ मध्ये डीजीसीएने, म्हणजे विमानकंपन्यांवर देखरेख करणाऱ्या सरकारी खात्याने, सगळ्या कंपन्यांना बजावलं आहे की १२ वर्षांपर्यंतच्या मुलाला त्याच पीएनआरवरच्या आईवडिलांपैकी किंवा सांभाळणाऱ्यांपैकी निदान एकाबरोबर सीट द्यायची. म्हणजे नातू आजीपाशी नाहीतर आजोबांपाशी असणार, ती भीती सोडा. मात्र नियम "निदान एका"चा आहे. उरलेलं माणूस दहा रांगा मागे गेलं तर तक्रार करता येत नाही.

सीटचे पैसे ऐच्छिक आहेत. नकाशा असा मांडतात की भरल्याशिवाय पुढे जाताच येणार नाही असं वाटावं. खाली किंवा कोपऱ्यात सीट न निवडता पुढे जाण्याची सोय असते, अक्षरं बारीक असतात एवढंच. माझ्याकडे येणारी निम्मी गिऱ्हाइकं ती न दिसल्यामुळे पैसे भरून मोकळी झालेली असतात.

सासऱ्यांसाठी व्हीलचेअर तिकीट काढतानाच मागा, निदान ४८ तास आधी तरी कळवा. ऐन वेळी काउंटरवर मागितली तर मिळते, पण वाट बघावी लागते.

आणि तिकिटावर विमानतळाचं नाव दोनदा वाचा. गोव्याला आता दोन आहेत. मोपाचा कोड जीओएक्स, दाबोळीचा जीओआय. पिंगुळीहून मोपा जवळ, दाबोळी पार मांडवी-झुवारीपलीकडे. स्वस्त दिसलं म्हणून दाबोळीचं काढून मोपाला पोचलेली माणसं मी बघितली आहेत.

रोखठोक_रत्नागिरी

सीटला एक पैसा देऊ नये. भाडं भरलं म्हणजे बसायला जागा आलीच, उभ्याने कोण नेतंय? वेब चेक-इन बऱ्याच कंपन्यांचं ४८ तास आधी उघडतं. तिथेही सीट विकायला बघतात, तेव्हा तेही सोडा आणि काउंटरवर जा. तिथे सीट फुकट मिळते. मी कायम असाच जातो. मधली सीट मिळाली तर तास-दीड तास मधल्या सीटवर बसतो, त्यात काय मोठंसं. आपण मांडवी एक्स्प्रेसच्या जनरलमध्ये ठाण्यापर्यंत दाटीवाटीने गेलेली माणसं.

तिकीटबाबू_कणकवली

रोखठोक, तुम्ही एकटे फिरता, हातात लॅपटॉपची पिशवी. तुमच्यापुरता सल्ला शंभर टक्के बरोबर. इथे पहिल्यांदा जाणाऱ्या आजी आहेत, गुडघेदुखीवाले आजोबा आहेत, आणि मे महिना आहे. मेमध्ये मोपाचं विमान भरलेलं असतं. शेवटी उरतात त्या इकडची एक, तिकडची एक अशा मधल्या सीट.

रोखठोक_रत्नागिरी

मग हवाईसुंदरीला सांगायचं. कोणीतरी उठून जागा देतंच. आपल्याकडे अजून माणुसकी आहे.

दापोलीची_लेक

माणुसकी आहे हो, पण ज्याने खिडकीचे पैसे भरलेत त्याने ती का सोडायची? मी एकदा नाही म्हटलं तर आख्ख्या रांगेने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी म्हाताऱ्या माणसाला एसटीतून खाली उतरवलं. दुसऱ्याच्या भिडेवर आपली सोय बेतू नये. ज्यांना एकत्र बसणं खरंच गरजेचं आहे त्यांनी पैसे भरावेत, बाकीच्यांनी मिळेल तिथे बसावं.

पिंगुळीची_सून

तिकीटबाबू, एका पीएनआरचं मला माहीतच नव्हतं. आम्ही अर्धी तिकिटं नवऱ्याच्या कार्डावर आणि अर्धी माझ्या कार्डावर काढणार होतो, सवलत दोन्हीकडे मिळावी म्हणून! पण भरायचेच झाले तर कुठल्या सीटचे भरू? पुढच्या महाग आहेत.

तिकीटबाबू_कणकवली

पुढच्या नकोच. पहिल्या रांगेत पाय पसरायला जागा असते हे खरं, पण पुढे सीट नाही म्हणजे पिशवी पायाशी ठेवता येत नाही, सगळं वर टाकावं लागतं. औषधाची डबी काढायची तर सासऱ्यांना उठून उभं राहायला लावणार का? शिवाय तिथे जेवणाचा ट्रे हाताच्या दांडीतून निघतो, म्हणून दोन सीटमधली दांडी वर होत नाही.

आपत्कालीन दाराजवळची रांग ऐसपैस असते, पण ती तुम्हाला मिळणारच नाही. लहान मूल, वयस्कर माणूस, व्हीलचेअरवाला, गरोदर बाई, कोणालाच तिथे बसवत नाहीत. दार उघडायची वेळ आली तर उघडता यायला हवं, यासाठी ती रांग.

मी काढून दिलं असतं तर मागून चौथ्या-पाचव्या रांगेतल्या सलग तीन सीट घेतल्या असत्या. त्या सहसा स्वस्त असतात. खिडकीला नातू, मध्ये आजी, वाटेच्या बाजूला आजोबा, म्हणजे त्यांना पाय मोकळा करता येतो आणि स्वच्छतागृहही लांब नाही. अगदी शेवटची रांग नको. ती बहुधा मागे झुकत नाही आणि स्वच्छतागृहाची रांग खांद्याशी उभी असते.

आणि येताना तुम्ही दोघं बरोबर आहात ना? मग येतानाच्या सीटवर पैसे घालवू नका. नातवाजवळ कोणी ना कोणी असेलच, बाकीचे विखुरले तर विखुरले.

माडाखालचो

आमच्या तात्यांका खिडकीच व्हयी होती. पैसे भरून घेतली. इमान उडाला तसे डोळे मिटून रवळनाथाचा नाव घेत बसले, ते बंगळूर येयसर उघडूक नाय. कित्याक व्हयी ती खिडकी?

चिपीचा_पाहुणा

एक मुद्दा राहिला. वरचं सगळं एअरबससारख्या मोठ्या विमानाचं झालं. आपल्या सिंधुदुर्गातल्या चिपीला ९ ऑक्टोबर २०२१ ला विमानतळ सुरू झाला तेव्हापासून इथे मुख्यतः पंखेवाली एटीआर विमानं आली. त्यांचा हिशेब उलटा आहे.

एटीआर-७२ मध्ये रांगेत दोन अधिक दोन अशा चारच सीट. तिघांना सलग बसताच येत नाही, एकाने वाटेपलीकडे बसायचं. प्रवाशांचं दार मागे असतं. पुढे, वैमानिकाच्या पाठीमागे सामानाचा कप्पा. म्हणजे पुढची सीट हौसेने घेणारा सगळ्यात शेवटी उतरतो. गुडघेदुखीवाल्यांनी मागे बसावं, दारही जवळ आणि स्वच्छतागृहही. आवाजही मागे कमी, पंखे पुढच्या भागाच्या अंगाला फिरतात. पंख शरीराच्या वर असल्यामुळे खालचं बऱ्याच खिडक्यांतून दिसतं, फक्त इंजिनाशेजारची एक-दोन सोडा.

एटीआरमध्ये वरचे कप्पे लहान असतात. मोठ्या विमानात सहज जाणारी चाकांची बॅग इथे बसत नाही. मग ती विमानाच्या पायरीशी काढून घेतात आणि सामानाच्या कप्प्यात टाकतात. त्या वेळी पॉवर बँक, औषधं, घराच्या किल्ल्या, दागिने बाहेर काढायचे. मागे रांग उभी असते, कर्मचारी घाई करतात आणि नेमकं हेच राहून जातं. म्हणून या वस्तू पहिल्यापासून छोट्या पिशवीत, गळ्यात.

चिपीचं वेळापत्रक पुष्कळदा बदललं आहे, तेव्हा आधी बघून मगच बेत करा.

आंबेवाली_देवगड

आता माझा विषय आला.

पाच डझनांची पेटी म्हणजे साठ फळं. आंबा दोनशे ते अडीचशे ग्रॅमचा धरला तर नुसतं फळच १२ ते १५ किलो. लाकडी पेटी आणि पेंढा वेगळा. म्हणजे ती पेटी एका माणसाची सगळी मुभा खाऊन वर उरते. शिवाय लाकडी पेटीचे खिळे आणि कडा दुसऱ्यांच्या बॅगा फाडतात, काउंटरवर कटकट होते. पुठ्ठ्याचा जाड खोका घ्या, बाजूला भोकं असलेला. आत दोन थर, मध्ये कागद. चार डझन भरा, पाचवा डझन हातातल्या बॅगेत. देशांतर्गत विमानात फळं हातात नेता येतात, वजन ७ किलोत बसलं पाहिजे इतकंच.

पिकलेला आंबा अजिबात भरू नका. घरी लोक नेमकं हेच करतात, लेकीला गेल्या गेल्या खाता यावा म्हणून. झाडावर तयार झालेला, पण अजून हिरवट, कडक, पिकायला चार-पाच दिवस बाकी असलेला घ्या. देठ अर्धा इंच ठेवा, मुळाशी मोडला की चीक वाहतो आणि फळावर डाग पडतो. उतरवलेला आंबा एक रात्र जमिनीवर पसरून ठेवा आणि मगच भरा. बंगळुरूला पोचल्यावर खोका लगेच उघडायला सांगा. बंद खोक्यात गरमीने आंबा पिकत नाही, उबतो.

खोक्यावर चारी बाजूंनी नाव आणि मोबाइल नंबर लिहा. बंगळुरूच्या पट्ट्यावर मेमध्ये सगळे खोके सारखेच दिसतात.

रॅम्पवरचा

विमानतळावर सामान चढवण्या-उतरवण्याच्या कामात नोकरी गेली, आता निवृत्त, मुक्काम वेंगुर्ला. देवगडच्या ताईंनी खोक्याचं बरोबर सांगितलं. मी पुढचं सांगतो, काउंटरच्या पलीकडचं.

खोका दिलात की टॅगवर सही मागतात. नाशवंत किंवा नाजूक माल, फुटला तर जबाबदारी आमची नाही, अशा अर्थाचा तो टॅग असतो. सही करायला हरकत नाही, नाही केली तर खोका घेणारच नाहीत. पण त्यावरून समजून घ्या की आंब्याची भरपाई मिळणार नाही. "नाजूक" असा स्टिकर लावून घ्या, फायदा थोडा होतो, फार नाही. पट्ट्यावरून बॅग घसरते तेव्हा स्टिकर वाचायला कोणी नसतं. खरी राखण आतल्या भरणीची.

मागच्या प्रवासाचे टॅग आणि बारकोडचे चिकट तुकडे काढून टाका. यंत्र जुना कोड वाचतं आणि बॅग भलत्या गावाला जाते. लोंबणारे पट्टे आत खोचा, ते पट्ट्याच्या सांध्यात अडकतात. बॅगेच्या आतही एका कागदावर नाव आणि नंबर ठेवा, बाहेरचा टॅग फाटला तर आम्ही बॅग उघडून तोच शोधतो.

एका नगाचं वजन ३२ किलोच्या वर कुठेच घेत नाहीत, मग कितीही पैसे भरा. उचलणाऱ्या माणसाच्या कमरेसाठी तो नियम आहे, आणि तो मोडायला सांगू नये.

पिंगुळीची_सून

वा! म्हणजे तिघांचे मिळून ४५ किलो. मग पेटीचं १८ भरलं तरी बाकीच्यांत वळतं होईल ना?

तिकीटबाबू_कणकवली

एका पीएनआरवर, एकाच वेळी काउंटरला गेलात तर बहुतेक कंपन्या एकत्र मोजतात. पण नगही मोजा. काही कंपन्या माणशी १५ किलो "एकच नग" असं म्हणतात. तुमचे तीन नग, एक खोका आणि दोन बॅगा. चौथी पिशवी काढलीत तर वजन मुभेत असलं तरी पैसे लागू शकतात. तिकिटाखालचं ते बारीक वाचा. आणि भाड्याचा प्रकारही बघा. फेब्रुवारी २०२१ पासून फक्त हातातल्या सामानाची स्वस्त तिकिटं विकायला डीजीसीएने परवानगी दिली आहे. ते तिकीट चुकून निघालं तर ४५ काय, शून्य.

जास्त वजन लागणार हे आज दिसतंय तर आजच साइटवर विकत घ्या. काउंटरवर किलोमागे जो दर पडतो त्यापेक्षा ते स्वस्त पडतं. घरी काटा नसेल तर वाण्याकडे नेऊन वजन करा. इथे सीटवर एवढी चर्चा झाली, पण माझ्या गिऱ्हाइकांचे खरे पैसे सीटवर नाही, काउंटरच्या काट्यावर जातात.

सोलकढी_हवीच

आगळाबद्दल कोणीच बोललं नाही! बाटली गळ्यापर्यंत भरू नका. विमानात आतला दाब जमिनीवरच्यापेक्षा कमी असतो, सहा ते आठ हजार फूट उंचीवर असतो तेवढा. सामानाच्या कप्प्यातही तसाच. बाटलीतली हवा फुगते आणि आगळ झाकणातून बाहेर येतं. वर दोन बोटं जागा सोडायची, प्लास्टिकची बाटली जरा दाबून झाकण लावायचं, झाकणाला चिकटपट्टी, मग दोन पिशव्या. बॅगेच्या मधोमध, जुन्या टॉवेलात. सासूबाईंच्या नव्या साडीजवळ ठेवू नका, कोकमाचा डाग जन्मात जात नाही.

तिकीटबाबू_कणकवली

खोबऱ्याच्या वाट्या मात्र घरी ठेवा. हे सांगायचं राहत होतं आणि कोकणातला माणूस इथेच अडकतो. सुकं खोबरं विमानात धोकादायक माल समजतात, हातातही नाही आणि खालीही नाही. त्यात तेल भरपूर, ढीग करून ठेवलं की आपोआप तापून पेट घेऊ शकतं. मालवाहतुकीच्या आंतरराष्ट्रीय यादीत त्याला यूएन १३६३ असा क्रमांकच दिलेला आहे. ओला, सोललेला अख्खा नारळ चेक-इन बॅगेत चालतो, हातातल्या बॅगेत नाही. शबरीमलाच्या यात्रेकरूंना मध्यंतरी हातात नारळ न्यायची सवलत दिली होती, पण ती तेवढ्यापुरती.

कापूर, काडेपेटीही नको. पूजेच्या सामानात बायका हटकून टाकतात. मसाला आणि कुळथाचं पीठ खालच्या बॅगेत. मिरचीपूड हातात असेल तर सुरक्षा तपासणीत ठेवून घेतात. पॉवर बँकेचं बरोबर उलटं, ती फक्त हातात, खालच्या बॅगेत सापडली तर तुम्हाला परत बोलावून बॅग उघडायला लावतात. १०० वॅट-अवरपर्यंत चालते, नेहमीची २०,००० एमएएचची ७४ च्या आसपास भरते.

खाडीपल्याड

खेडचा, सध्या दुबई. धागा बंगळुरूचा आहे पण आखातात जाणारे इथे पुष्कळ वाचतात, म्हणून लिहितो.

मालवणी मसाल्यात खसखस असते. यूएईत खसखशीला बंदी आहे, अमली पदार्थांच्या कायद्याखाली. घरच्या बायका प्रेमाने दोन किलो मसाला देतात आणि पोरगा विमानतळावर अडकतो. आमच्या घरी आता आखातवाल्यांसाठी खसखस न घालता वेगळा मसाला कुटतात. विड्याची पानंही नेऊ नका. खोकल्याच्या किंवा दुखण्याच्या गोळ्या-औषधांत कोडीन, ट्रामाडॉल असेल तर चिठ्ठी आणि तिथली परवानगी बघा.

बोचकं, दोरीने बांधलेली गोल वळकटी दुबईला चालत नाही. मार्च २०१७ पासून बॅगेला निदान एक सपाट बाजू हवी असा तिथल्या विमानतळाचा नियम आहे, पट्ट्यावरून नीट सरकावी म्हणून.

सगळ्यात मोठा घोळ जोडतिकिटाचा. मुंबई-दुबईला ३० किलो असेल आणि मोपा-मुंबईचं तिकीट वेगळं काढलं असेल, तर मोपाला तुम्ही १५ किलोचेच मालक. दोन्ही एका तिकिटावर असतील तर सहसा आंतरराष्ट्रीय मुभा पहिल्यापासून लागू होते आणि बॅग परस्पर पुढे जाते. वेगळी असतील तर मुंबईत बॅग घ्या, टर्मिनल बदला, पुन्हा रांग. आता तर २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईचं विमानतळही चालू आहे. एक विमान तिथे उतरणार आणि दुसरं सांताक्रूझहून सुटणार, असं तिकीट घेऊन बसू नका.

रोखठोक_रत्नागिरी

हापूस अमेरिकेला नेता येतो का? भाचा विचारतोय.

आंबेवाली_देवगड

बॅगेतून नाही. २००७ पासून आपला आंबा तिकडे जातो, पण विकिरण करून, निर्यातदारामार्फत. प्रवाशाच्या बॅगेतला तिथल्या विमानतळावर काढून टाकतात. भाच्याला आंबापोळी द्या.

दापोलीची_लेक

बॅग फुटली किंवा आलीच नाही तर काय करायचं तेही कोणी लिहा. माझी एकदा चाक तुटून आली. घरी जाऊन ईमेल केला, तर कंपनी म्हणे तुम्ही विमानतळ सोडला, आता पुरावा काय? कंपनीचं नाव घेत नाही, सगळ्या एका माळेच्या.

रॅम्पवरचा

पट्ट्यावरून बॅग उचलली की तिथल्या तिथे फिरवून बघायची. काही दिसलं तर दाराबाहेर पडायच्या आधी कंपनीच्या सामान-काउंटरवर पीआयआर भरून घ्यायचा. तो तक्रारीचा कागद आहे, त्याचा क्रमांक जपा. नुकसानीची लेखी तक्रार सात दिवसांत आणि उशिराची बॅग मिळाल्यापासून एकवीस दिवसांत, अशी मुदत आंतरराष्ट्रीय प्रवासाला आहे. देशांतर्गत प्रवासातही तेवढ्यात केलेली बरी. देशात कंपनीची जबाबदारी माणशी २०,००० रुपयांपर्यंत, म्हणजे सोनं त्या बॅगेत ठेवायचं नाही हे ओघाने आलं. बोर्डिंग पासवर चिकटवलेला बॅगेचा छोटा टॅग घरी पोचेपर्यंत टाकू नका. आणि काउंटरला बॅग देण्याआधी मोबाइलवर तिचा फोटो काढा, चाकांसकट.

चिपीचा_पाहुणा

नातवासाठी खिडकीची बाजू. मोपाहून बंगळुरू आग्नेयेला, म्हणजे सकाळच्या विमानात ऊन डाव्या खिडकीतून येतं, दुपारनंतर उजव्या. उन्हाच्या विरुद्ध बाजूची घ्या, नाहीतर पोरगं पडदा ओढून बसेल. पंखाच्या वरची रांग टाळा, खाली फक्त पत्रा दिसतो. मागून चौथी-पाचवी चालेल. मुंबईहून गोव्याला येताना मात्र डावी बाजू, वाट समुद्रावरून असेल आणि ढग नसतील तर किनारा आणि खाड्यांची तोंडं दिसतात.

माडाखालचो

आणि उजवीकडे?

चिपीचा_पाहुणा

पाणी. संध्याकाळच्या विमानाला सूर्यास्त. तुमच्या तात्यांना कुठलीही चालेल.

पिंगुळीची_सून

मंडळी, तिकिटं काढली. एकच पीएनआर, सकाळचं विमान, जाताना मागून पाचव्या रांगेतल्या उजवीकडच्या तीन सीट पैसे भरून. येतानाच्या सोडून दिल्या, त्यावर नवरा खूश. वाण्याकडे वजन करून आणलं. आंबे पुठ्ठ्याच्या खोक्यात चार डझन, पाचवा डझन सासऱ्यांच्या हातातल्या बॅगेत. पेटी लाकडीच हवी म्हणून ते दोन दिवस रुसले होते, रॅम्पवरच्या काकांची पोस्ट वाचून दाखवली तेव्हा मानले. खोबऱ्याच्या वाट्या काढल्या आणि त्या जागी नारळ चाराचे सहा झाले. तरीही तीन नग मिळून ४३ किलो.

आता सासूबाई विचारतायत की उरलेल्या दोन किलोत सुके बांगडे आणि सोडे घालू का?

तिकीटबाबू_कणकवली

देशांतर्गत चालतात, पण नीट बंद केलेले. वास बाहेर आला तर बॅग नाकारू शकतात. बाजारात हवा काढून पिशवी सीलबंद करून देणारे असतात, त्यांच्याकडून करून घ्या, वर एक डबा, आणि खालच्या बॅगेतच. दोनाऐवजी दीड किलो घाला. वाण्याचा काटा आणि मोपाचा काटा एकच आकडा दाखवेल असं नाही.

रोखठोक_रत्नागिरी

बॅग आंब्याच्या खोक्यापासून लांब ठेवायला सांगा.

रॅम्पवरचा

ते आमच्या हातात नसतं.